गाळलेलं वाक्य

माझ्या लेकीच्या बोलण्याला गेली कित्येक वर्षं मी इस्त्री करत आले आहे.

ती जन्मापासून बहिरी. आता पंधरा वर्षांची आहे. ती हातांनी बोलते, आणि दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या कार्यालयात तिचं हातांचं बोलणं मी तोंडाने सांगते. तिचा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. मग मधल्या मधे मी कडा घासून घेते, एखादं 'कृपया' चिकटवते, एखादा टोमणा खिशात टाकते. कुणाचं काय बिघडतं?

दातांच्या डॉक्टरांकडे मात्र पकडले गेले. ते तिच्या तोंडात आरसा घालून वाकले होते, आणि ही खुर्चीत पडल्या पडल्या मला सांगत होती, "यांच्या हाताला कांद्याचा वास येतोय."

"थोडं दुखतंय म्हणते," मी म्हणाले.

डॉक्टर मायेने हसले. बाहेर पडल्यावर लेकीने मला जिन्यातच अडवलं. "तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं की."

"मग त्यांनी हात का नाही हुंगला?"

तिला ऐकू येत नाही, पण बोलणं समोरच्यापर्यंत पोचलं की नाही हे तिला दिसतं. या मुलीपुढे खोटं बोलायचं तर समोरच्या माणसालाही सामील करून घ्यावं लागेल. मी त्या दिवशी कान धरले. दुसऱ्या आठवड्यात शाळेत पुन्हा तेच केलं.

माझ्या नवऱ्याचा हा प्रश्नच नाही. तो घड्याळं दुरुस्त करतो. केसाएवढे स्क्रू बसवणारी त्याची बोटं हातांच्या भाषेत मात्र दर वाक्याला ठेचकाळतात. "बाबांचे हात तोतरे आहेत," लेक म्हणते. पण तो बोलतो ते खरं बोलतो, असंही म्हणते. हे दुसरं वाक्य माझ्यासाठी असतं, मला कळतं.

दोन वर्षांपूर्वी ती शनिवारच्या गटात जायला लागली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लाकडी जमिनीची खोली आहे. तिथे सुतारकाका सात मुलांना जमवतात. काका स्वतः बहिरे, पन्नाशीचे, दिवसभर खिडक्यांच्या चौकटी बनवतात. मुलांना ते काय शिकवतात असं विचारलं तर म्हणतात, "पुढे व्हायला." दर शनिवारी एकाने पुढारी व्हायचं. त्या दिवशी काय करायचं, कुणी कुठे बसायचं, भांडण झालं तर कसं मिटवायचं, सगळं त्याने बघायचं. लक्ष वेधायला पाय आपटायचा, म्हणजे फळ्या थरथरतात आणि माना वर होतात. खालून ग्रंथपाल चिठ्ठी पाठवतात: 'कृपया पाय आवरावेत.' मुलांनी त्या चिठ्ठ्या भिंतीवर ओळीने लावल्या आहेत.

नियम एकच. सगळ्यांचे डोळे आपल्यावर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. लेकीने पहिल्या खेपेला घाईघाईत सुरुवात केली, तर काकांनी सरळ पाठ फिरवून खिडकीबाहेर बघायला घेतलं. तेव्हापासून ती थांबते. उजवी भुवई उचलते आणि नुसती उभी राहते, अगदी उकळी येईपर्यंत दुधाजवळ उभं राहावं तशी. मुलांनी तिला हातांचं नाव दिलंय तेही तेच: भुवईवरून बोटाची एक कमान.

मलाही त्यांनी नाव दिलंय. आयांनी खोलीत यायचं नसतं. पण दाराला एक काच आहे, आणि काच असली की मी तिथे असतेच. दोन तळव्यांची चौकट करून त्यातून डोळे वटारायचे, हे माझं नाव. तोंडाने सांगायचं तर 'काचेतली'.

तर या सातजणांना पोहायला जायचं होतं, एकट्यांना.

गावातल्या तरणतलावाच्या दारावर पाटी आहे: 'ऐकू न येणाऱ्या मुलांना पालक सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही.' कारण काय, तर धोका दिसला की जीवरक्षक शिट्टी वाजवतात, आणि या मुलांना ती ऐकू येत नाही. म्हणून दर रविवारी काठावरच्या बाकांवर आमची रांग. गटातला लंबू सतरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड फुटलेली. त्याची आजी मांडीवर टॉवेल घेऊन बसते आणि तो बाहेर आला की सगळ्यांदेखत त्याचे कान पुसते. शेजारच्या शाळेतल्या मुली बघून हसतात. लंबूने तीन रविवार पाण्यातून बाहेर यायचंच नाकारलं होतं.

मुलांनी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं: गुरुवारी अकरा वाजता व्यवस्थापकांना भेटा. बोलणार कोण, यावर शनिवारी मतदान झालं. काहींना वाटत होतं, मशीनवाल्याने बोलावं. त्याला कानाला यंत्र लावून थोडं ऐकू येतं, तोंडाने बोलताही येतं, म्हणून सगळीकडे त्यालाच पुढे ढकलतात. तो म्हणाला, "मला अर्धंच ऐकू येतं, आणि ते नेमकं नको ते अर्धं असतं. दुसरं कुणीतरी जा." पाच मतं माझ्या लेकीला पडली. या उन्हाळ्यात तलाव मिळाला तर तिच्यामुळे, आणि हुकला तरी तिच्यामुळेच.

मी काचेतून बघत होते. अभिमानाने ऊर भरून आला, हे खरं. आणि मनातून मी धास्तावले, हेही खरं. कारण जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते असं, की मला तो नियम आवडायचा.

ती नऊ वर्षांची असताना शाळेची सहल एका तरणतलावावर गेली होती, मीही सोबत होते. शिट्टी वाजली, सगळी मुलं भराभरा बाहेर आली, आणि ही एकटीच मजेत पोहत राहिली. एवढ्या मोठ्या निळ्या पाण्यात एक छोटं काळं डोकं. झालं काहीच नाही. कुणीतरी उडी मारून तिला काठावर आणलं. पण तेवढा वेळ मी काठावरून तिला हाका मारत होते. घसा फाटेपर्यंत. नऊ वर्षं तिची आई असून, हाका. त्यानंतर बाक मिळाला तेव्हा मी तो सोडणार नव्हते.

मंगळवारी गटाची दुभाषी ताई पायरीवरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. मुलांचं बोलणं तोंडाने सांगायला तिची ना नव्हती, पण व्यवस्थापकांचं बोलणं मुलांना सांगणार कशाने? एका हाताने तिला जेमतेम 'हो', 'नाही' आणि 'चहा' एवढंच जमत होतं.

त्या संध्याकाळी मी पोळपाट धुवत होते, तेव्हा लेकीने माझ्या खांद्यावर बोट टोचलं. "गुरुवारी तू चल. पण माझ्या अटी आहेत."

"ऐकते."

"मी बोलेन ते सगळं सांगायचं. ते बोलतील ते सगळं मला सांगायचं, वाईट असलं तरी. तुझ्या पदरचं काही नाही. आणि मी 'मी' म्हटलं की तूही 'मी'च म्हणायचं. 'ती म्हणते' म्हणालीस की ते तुझ्याकडे बघून बोलायला लागतात."

"बरं बाई."

"बरं बाई नको. शपथ."

"शपथ."

तिचा विश्वास बसला नाही. बाबाला उशी पोटाशी बांधून व्यवस्थापक केलं आणि तालीम घेतली. मधेच माझी परीक्षा. गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "साहेब, तुमचं पोट बघून तुम्ही स्वतः तलावात कधी उतरला असाल असं वाटत नाही." मी डोळे मिटून ते वाक्य मोठ्याने बोलले. नवऱ्याला एवढं हसू आलं की उशी निसटली. लेकीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. पोचलं होतं.

गुरुवारी निघताना सगळ्यांच्या पाठीवर फुगलेल्या पिशव्या होत्या. मी विचारलं, "एवढं काय घेतलंय?" लेक म्हणाली, "कागद." मी पिशवी उघडायला हात घातला, तर तिने माझ्या हातावर चापटी मारली.

व्यवस्थापकांची खोली पाण्याला लागूनच होती. त्यांच्या पाठीमागे मोठी खिडकी, तिच्यातून ऊन आणि पाण्याची लकाकी येत होती. बाजूला एक जीवरक्षक बाई उभ्या होत्या, चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, गळ्यात शिट्टी. "या, बसा बसा," व्यवस्थापक मला म्हणाले. मुलं बसली. लेक उभीच.

"साहेब, तुमची खुर्ची हलवाल का?" ती म्हणाली, म्हणजे मी म्हणाले.

"माझी खुर्ची?"

"तुमच्या मागे उजेड आहे. मला तुमचा चेहरा काळा दिसतो. भिंतीकडे बसलात तर आम्हां सगळ्यांना तुम्ही दिसाल."

माझ्या जिभेवर 'तुम्हाला त्रास होणार नसेल तर' आलं होतं. मी ते गिळलं. व्यवस्थापक चक्रावले, उठले, आणि स्वतःची खुर्ची स्वतः उचलून भिंतीकडे गेले. जीवरक्षक बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. लेकीने बाकीच्या खुर्च्यांचं अर्धवर्तुळ करून घेतलं, मला व्यवस्थापकांच्या शेजारी बसवलं आणि स्वतः मधोमध उभी राहिली. मग थांबली.

व्यवस्थापक कागद चाळत होते. ती थांबलेलीच. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, निदान आम्हां तिघांना. मी मनातल्या मनात विनवत होते: साहेब, बघा ना हो वर. शेवटी त्या शांततेनेच त्यांनी मान उचलली, तर समोर सात मुलं आणि एक उचललेली भुवई. त्यांनी कागद खाली ठेवला.

मग ती बोलली. मी तिच्या मागोमाग बोलत गेले, आणि पहिली दहा मिनिटं मला स्वतःचं भानच उरलं नाही. ती म्हणाली, डोकं पाण्यात असलं की शिट्टी कुणालाच ऐकू येत नाही, त्या वेळी सगळेच बहिरे. ती म्हणाली, गेल्या दोन रविवारी आम्ही काठावर बसून बघितलं. बाईंचे गाल फुगले की शिट्टी, हे आम्हाला कळतं. चौदा वेळा गाल फुगले. अकरा वेळा पाण्यातल्या कुणीही वर बघितलं नाही.

"ऐकू येणारी पोरं तरी कुठे ऐकतात!" जीवरक्षक बाई बोलून गेल्या. मी तेही हातांनी मुलांना सांगितलं. सगळी हसली. बाई एकदम सावरून उभ्या राहिल्या.

लेकीने लंबूला खूण केली. त्याने कागदात गुंडाळलेली एक फळी बाहेर काढली; सुतारकाकांनी बनवलेली, लाल रंगवलेली, मागे मूठ. "शिट्टीबरोबर ही उचलायची. आम्ही जोडीजोडीने पोहू. एक पाण्यात, एक काठावर बाईंकडे तोंड करून. काठावरच्याच्या हातात फोमची लांब काठी. लाल दिसलं की पाण्यातल्याला स्पर्श करायचा. मग जागा बदलायची."

व्यवस्थापकांनी फळी हातात घेतली, उलटीपालटी केली. मग ती ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे सगळं छान आहे हो. मुलांनी मेहनत घेतली आहे. पण मला सांगा, पालक असण्यात अडचण काय आहे? आई काठावर बसली तर बिघडलं कुठे?"

मी ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. लेकीने त्यांच्याकडे बघून उत्तर दिलं, एकदाही माझ्याकडे न बघता.

"माझी आई निळ्या बाकावर बसते. पुस्तक आणते, उघडते, पण पान उलटत नाही. मी दर दोन फेऱ्यांनी काठाशी थांबून तिला तोंड दाखवते, म्हणजे तिला श्वास घेता येतो. पाण्यात आई माझ्यावर लक्ष ठेवते असं तुम्हाला वाटतं. खरं तर मीच आईवर ठेवते. इथे सगळ्यांचं असंच आहे."

तिचे हात खाली आले. माझी पाळी होती.

पुस्तकाचं पान तिने कधी बघितलं? सहा वर्षं मला वाटत होतं की मी गुपचूप घाबरते. आणि ती मधेच थांबते, काठाला धरून हसते, ते तिला माझी आठवण येते म्हणून, असं मी समजत होते.

"पालकांना दर वेळी वेळ काढणं अवघड जातं," मी म्हणाले.

"हं, वेळेचा प्रश्न असतो खरा," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

लेकीने ते बघितलं. तिच्या बोलण्यात घड्याळ नव्हतंच. तिने व्यवस्थापकांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग सावकाश माझ्याकडे. भुवई वर. बाकीच्या सहा जणांच्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तीच वाक्यं पुन्हा केली. तितक्याच वेगाने, तितकीच मोठी; बाक, पुस्तक, पान, श्वास. एक शब्दही कमी नाही.

तिला पाच मतं पडली होती, आणि ती सगळी मी माझ्या पदराखाली झाकून बसले होते.

"साहेब, माफ करा," मी म्हणाले. "तिने सांगितलेलं मी गाळलं. वेळेचं मी बोलले, ती नाही. तिचं आता सांगते." आणि मी सांगितलं. 'मी' म्हणत. "माझी आई निळ्या बाकावर बसते." स्वतःच्या तोंडाने स्वतःची चहाडी. 'श्वास घेता येतो' म्हणताना माझाच अडकला. पण शेवटपर्यंत गेले, 'इथे सगळ्यांचं असंच आहे' पर्यंत.

आता व्यवस्थापकांनी घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. जीवरक्षक बाईंनीही.

"मग तुम्हीच सांगा ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "दुभाषी म्हणून नको, आई म्हणून. तुम्हाला चालेल? उद्या काही झालं तर?"

मी आधी हा प्रश्न हातांनी मुलांना सांगितला. मग लेकीला विचारलं, "बोलू?"

तिने गटाकडे बघितलं. चष्मेवाली मुलगी मान हलवून 'हो' म्हणाली, लंबूने खांदे उडवले, मशीनवाल्याने अंगठा दाखवला. "बोल," लेक म्हणाली. "पण हातांनीही. आम्हाला पण ऐकायचंय."

तोंडाने आणि हातांनी एकाच वेळी बोलायला गेलं की दोन्हीकडे मोडकंतोडकं होतं. तसंच बोलले.

"मला भीती वाटते. ती जाणार नाही, तुम्ही लेखी दिलंत तरी जाणार नाही. हा नियम मला आवडायचा, साहेब. पाटी वाचून मला बरं वाटायचं, की बघा, मी उगाच बसत नाही, कायदाच आहे. पण भीती माझी आहे. तिच्या पायात ती बांधून ठेवली तर ती चाळिशीची झाली तरी दर दोन फेऱ्यांनी थांबेल. मी बाहेर बसेन. बाहेर बसून घाबरेन. चालेल मला."

लेक माझ्या हातांकडे टक लावून बघत होती. नियम मला आवडायचा हे वाक्य आलं तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं होतं. आता बघितलं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "सांगितलं नव्हतंस एवढंच."

व्यवस्थापक चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. जीवरक्षक बाईंनी लाल फळी उचलली, हवेत दोनदा वर-खाली केली. "साहेब, हिचं वजन चांगलं आहे. आता बारा ते एक तलाव रिकामाच असतो. करून बघू या की. पालकांना बाहेर ठेवून. नाही जमलं तर नाही म्हणायला आपण मोकळे."

"आत्ता? अहो, पण मुलांकडे पोहायचे कपडे कुठे..."

मी हे हातांनी सांगायचाच अवकाश, सातही जणांनी आपल्या फुगलेल्या पिशव्या मांडीवर घेतल्या. टॉवेल, चष्मे, टोप्या. मशीनवाल्याने तर कानातलं यंत्र काढून डबीत ठेवायला घेतलं. कागद म्हणे! मी लेकीकडे बघितलं, तर ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"ही तुमची मुलगी म्हणजे..." व्यवस्थापक म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडून वळून थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. चला."

आणि मला दाराबाहेर काढण्यात आलं.

तलावाला उंच भिंत आहे. काच नाही, फट नाही, मी बघून आले. फाटकाशी कठड्यावर सुतारकाका थर्मास घेऊन बसले होते. आत यायला मुलांनी त्यांनाही मनाई केली होती. त्यांनी मला झाकणात चहा ओतून दिला, म्हणजे माझा एक हात अडकला आणि मला प्रश्न विचारता येईनात. त्यांनी ते मुद्दाम केलं असावं.

मी चहा संपवून घडलेलं सगळं सांगितलं. गाळलेलंही सांगितलं. काका हसायला लागले.

"माझी आई माझ्यासाठी माझ्या लग्नापर्यंत बोलत होती," ते म्हणाले. "मुलगी बघायला गेलो, तर होकार तिनेच देऊन टाकला. बायको अजून विचारते, मी नक्की कुणाला पसंत पडले?"

"मग तुम्ही आईला कधी थांबवलंत?"

"कुठे थांबवलं! ती थकली." त्यांनी थर्मास हलवून बघितला. "तुझी लेक बरी. तुला थकायच्या आधी थांबवतेय."

भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली. माझी मान गर्रकन वळली.

"वाजली?" काकांनी विचारलं.

"वाजली."

ते आरामात चहा प्यायले. मी भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर एक पाल होती, तिलाही आतलं दिसत नसावं. पुन्हा शिट्टी. मग बराच वेळ काही नाही. मग तिसरी. मी उठले, फाटकापर्यंत गेले, फाटकाला हात लावला आणि परत येऊन बसले.

सव्वा वाजता फाटक उघडलं आणि सगळी एकदम बाहेर आली. ओले केस, लाल डोळे, चौदा हात एकाच वेळी बोलत होते. कुणाला आधी वाचावं तेच कळेना. माझी लेक सगळ्यांत मागे होती, जीवरक्षक बाईंबरोबर. बाई जाताना मला म्हणाल्या, "महिनाभर बघू म्हणालेत साहेब. रविवारी आणि गुरुवारी. एका वेळी दोनच जोड्या. फळी माझ्या खुर्चीला टांगणार आहे मी." मग मान वळवून लेकीकडे बघितलं. "एकदा त्या उंच पोराने काठी लावायला उशीर केला, तर हिने त्याला असं काही झापलं, हातांनी, की मला शब्द कळला नाही तरी मीच ताठ उभी राहिले."

मला वाटलं आता लेक माझ्याकडे येईल. ती सुतारकाकांकडे गेली. सगळं त्यांना आधी सांगितलं, पहिल्या शिट्टीपासून. मधे लंबूचं आणि तिचं भांडण झालं, ते मिटलं, चष्मेवालीने काहीतरी दुरुस्ती केली, ती तिने मान्य केली. काकांनी शेवटी तिला एक चूक दाखवली: व्यवस्थापकांनी 'चला' म्हटल्यावर ती एकटीच त्यांच्या मागे निघाली होती, मागे सगळे उठलेत का ते न बघता. तिने ओठ चावला, मान डोलावली. मी माझी पाळी यायची वाट बघत कठड्यावर बसून राहिले.

मग ती आली. टॉवेलचं टोक कानात घालत समोर उभी राहिली.

"दुभाषी ताईचं प्लॅस्टर कधी निघणार?"

"तीन आठवड्यांनी."

"छान. मग तू सुटलीस."

"एवढी वाईट होते?"

तिने विचार केला. ती खरंच विचार करते, हे या मुलीचं एक आहे. "एकदा चुकलीस. पण मोठं चुकलीस." मग, "परत सांगितलंस ते चांगलं सांगितलंस. साहेबांचा चेहरा बदलला. मी बघितलं."

"पाण्यात थंडी वाजली?"

"नाही."

"डोळे लाल झालेत. आणि काठावर कोण होतं तुझ्या वेळी? शिट्टी तीनदा वाजली, तिसरी कशाला..."

"आई."

"बरं. आता थेट घरी?"

"नाही. आम्ही सगळे बेकरीत जातोय. मग वाचनालयात. पुढच्या गुरुवारच्या जोड्या ठरवायच्या आहेत."

"मी येऊ का बेकरीपर्यंत? फक्त बेकरीपर्यंत. मग परत येताना तुम्ही कुठल्या रस्त्याने..."

तिने माझे दोन्ही हात आपल्या ओल्या हातांत धरले. आमच्या भाषेत हे म्हणजे समोरच्याच्या तोंडावर हात ठेवणं. लहानपणी ती फार हट्ट करायला लागली की मी असंच करायचे. बोटं थंडगार होती, पाण्याने सुरकुतलेली. मी गप्प झाले, तरी तिने लगेच सोडले नाहीत. मागे मुलं पाय आपटून तिला बोलावत होती. रस्त्यावर फळ्या नसतात, त्यामुळे तिला काही कळत नव्हतं, आणि मीही काही सांगितलं नाही.